इलेक्ट्रिक गिटारचे धातूचे भाग: सुटे करणे, मळ आणि गंज काढणे, पुन्हा जोडणे

इलेक्ट्रिक गिटारवरच्या धातूच्या भागांची सफाई बिघडते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने: कामाची सुरुवात गंज काढण्यापासून होते. ब्रिजवर (तारांना गिटारच्या अंगावर आधार देणाऱ्या भागावर) तांबूस ठिपके दिसले की हाताशी असेल ते पॉलिश, लिंबू किंवा घासणी घेऊन भाग गिटारवर असतानाच घासले जातात. त्याने मुलामा झिजतो, घासलेल्या लोखंडाचा चुरा पिकअपच्या (तारांची कंपने विद्युत संकेतात बदलणाऱ्या भागांच्या) चुंबकांना चिकटतो, आम्ल लाकडात उतरते आणि काही आठवड्यांत गंज पूर्वीपेक्षा जास्त जागी परत येतो. योग्य क्रम याच्या उलट आहे. आधी मोजमाप, मग भाग सुटे करणे, मग प्रत्येक भाग कोणत्या धातूचा आहे आणि त्यावर कसला मुलामा आहे याची ओळख, मग मळ, आणि सर्वांत शेवटी गंज, तोही जिथे खरोखर आहे तेवढ्याच जागी.

पुढील मार्गदर्शन दोन नेहमीच्या प्रकारांसाठी आहे: सहा स्क्रूंवर बसणाऱ्या ट्रेमोलोची (दांडीने झुलवून स्वर खाली-वर करता येणाऱ्या ब्रिजची) स्ट्रॅटोकास्टर धर्तीची गिटार आणि दोन खांबांवर बसणाऱ्या ट्यून-ओ-मॅटिक ब्रिजची लेस पॉल धर्तीची गिटार. तारा कुलूपबंद करणाऱ्या फ्लॉइड रोझ ब्रिजलाही सफाईचे नियम हेच लागू पडतात, पण तो सुटा करण्याची आणि पुन्हा जुळवण्याची रीत वेगळी असल्याने ती येथे घेतलेली नाही.

## काम केव्हा काढावे

सातारा जिल्ह्यात पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेला माण-खटाव आणि सांगली जिल्ह्यातील जत-आटपाडी हा कोरडा पट्टा आहे. त्यामुळे एकच गिटार जावळी किंवा पाटणमधल्या घरात आणि जतमधल्या घरात सारख्या वेगाने गंजत नाही. घाटमाथ्याच्या बाजूला राहणाऱ्यांनी हे काम मे महिन्यात किंवा दिवाळीच्या सुमारास काढावे. भर पावसाळ्यात धुतलेले भाग आतून वाळत नाहीत, आणि स्क्रूच्या आट्यांत राहिलेला ओलावा सगळी मेहनत वाया घालवतो.

कार्यक्रमांत वाजवणाऱ्यांच्या गिटारवर घामाबरोबर आणखी एक गोष्ट साठते, ती म्हणजे गुलाल आणि भंडारा. गणपतीच्या मिरवणुकीत किंवा पालीच्या खंडोबाच्या यात्रेत वाजवून आलेल्या गिटारच्या सॅडलखाली (ब्रिजवर प्रत्येक तार ज्यावर टेकते त्या लहान तुकड्याखाली) आणि खुंट्यांच्या फटींत ही पूड तेलकट मळात मिसळून बसते आणि ओल धरून ठेवते. ती ओल्या फडक्याने कधीही पुसू नये, कारण पाणी लागले की तिचा रंग लाकडात आणि फिकट रंगाच्या प्लॅस्टिकमध्ये उतरतो. आधी कोरड्या मऊ ब्रशने झाडावी, आणि झाडताना ब्रश पिकअपपासून बाहेरच्या दिशेने फिरवावा.

## टप्पा १: मोजमाप आणि फोटो

हा टप्पा वगळणाऱ्याला सफाईनंतर गिटार बेसूर लागते आणि दोष सफाईला दिला जातो. तारा ताणलेल्या आणि सुरात असतानाच पुढील नोंदी कागदावर कराव्यात.

१. बाराव्या फ्रेटवर (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) पहिल्या आणि सहाव्या तारेची फ्रेटपासूनची उंची मिलिमीटरमध्ये मोजावी. ती साधारण १.५ ते २ मिमी असते. आपल्या गिटारची जी असेल ती लिहावी.

२. प्रत्येक सॅडल ब्रिजच्या मागच्या कडेपासून किती अंतरावर आहे ते पोलादी पट्टीने मोजावे. सहा सॅडलची सहा मापे हवीत.

३. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअप आणि तार यांतले अंतर दोन्ही बाजूंनी मोजावे.

४. ट्रेमोलो असल्यास मागचे झाकण काढून स्प्रिंगा किती आहेत, कोणत्या खाचांत आहेत आणि ज्या पट्टीला त्या अडकतात ती पट्टी लाकडाच्या भिंतीपासून किती दूर आहे, हे नोंदवावे.

५. ट्यून-ओ-मॅटिक असल्यास सॅडलच्या स्क्रूंची डोकी पिकअपकडे आहेत की टेलपीसकडे (ब्रिजमागे तारांची टोके अडकतात त्या भागाकडे), हे पाहावे. ब्रिज उलटा बसवणे ही फार सामान्य चूक आहे.

फोटो काढताना चौकटीत पट्टी ठेवावी. पट्टीशिवायच्या फोटोवरून पुढे माप काढता येत नाही.

तपासणी: नोंदींचा कागद दुसऱ्या कोणाला दाखवून त्याला तो तुमच्या मदतीशिवाय समजतो का, ते पाहावे. समजत नसेल तर आठवड्याने तो तुम्हालाही समजणार नाही.

## टप्पा २: साहित्य

मऊ टूथब्रश, मायक्रोफायबरची फडकी, कापूसकाड्या, टूथपिक, कागदी चिकटपट्टी, भांडी घासायचा सौम्य द्रव साबण, आयसोप्रोपिल अल्कोहोल, अ‍ॅल्युमिनियम फॉइल, शिलाई मशीनचे तेल, डब्ल्यूडी-४० सारखे आत झिरपणारे तेल, पांढरे व्हिनेगर, खाण्याचा सोडा, साधे मल्टिमीटर आणि पातळ हातमोजे एवढे पुरते. चिकट मळासाठी रंगाच्या दुकानात मिळणारे टर्पेंटाइन किंवा लायटरमध्ये भरायचे द्रव इंधन चालते. गॅस लायटरचा डबा ही वेगळी वस्तू आहे. त्यात दाबाखालचा ब्युटेन असतो आणि तो या कामाचा नाही. ही द्रव्ये झटकन पेट घेतात. त्यामुळे काम खिडकीजवळ करावे, आणि त्याच खोलीत देवघर असेल तर समई आणि उदबत्ती शांत झाल्यावरच बाटली उघडावी. वापरलेली फडकी बाहेर पसरून वाळवावीत.

स्क्रू ड्रायव्हरबाबत काटकसर करू नये. आशियाई बनावटीच्या अनेक गिटारींवर अधिक-चिन्हाचे स्क्रू जपानी मानकाचे असतात आणि नेहमीचे फिलिप्स टोक त्यांत पूर्ण बसत नाही. ते वर उसळते आणि स्क्रूची खाच खाऊन टाकते. सॅडलच्या उंचीच्या बारीक स्क्रूंनाही दोन मापे आहेत: अमेरिकन बनावटीला ०.०५० इंची म्हणजे १.२७ मिमीची अ‍ॅलन की (षटकोनी टोकाची किल्ली) लागते, तर इतर बहुतेक गिटारींना १.५ मिमीची. १.५ च्या भोकात १.२७ ची की घालून फिरवली तर षटकोनी खाच गोल होते आणि मग तो स्क्रू बाहेर येत नाही.

कोणत्या वस्तू टेबलावर नकोतच, तेही सांगणे आवश्यक आहे. स्वयंपाकघरातली हिरवी घासणी नको, कारण तिच्यात घर्षक कण असतात आणि क्रोमवर तिचे ओरखडे कायमचे राहतात. स्टील वूल नको, अगदी सर्वांत बारीक प्रतीचेही नको. त्याचे केसासारखे तुकडे पिकअपच्या चुंबकांना चिकटतात आणि नंतर सगळे काढणे जवळजवळ अशक्य होते. संडास साफ करायचे अ‍ॅसिड तर घरातल्या त्या खोलीतही आणू नये. त्याच्या नुसत्या वाफेने शेजारी ठेवलेली हत्यारे गंजतात.

## टप्पा ३: भाग सुटे करणे

१. ट्रेमोलो हवेत तरंगता (म्हणजे मागची कड गिटारच्या अंगाला न टेकणारा) असेल तर तारा सैल करण्याआधी ट्रेमोलोचा ठोकळा आणि पोकळीची दांड्याकडची भिंत यांच्या मध्ये फडक्यात गुंडाळलेली लाकडी चीप बसवावी. मग सर्व तारा थोड्या-थोड्या, आळीपाळीने सैल कराव्यात आणि पूर्ण ढिल्या झाल्यावरच कापाव्यात.

२. पिकअप कागदी चिकटपट्टीने पूर्ण झाकावेत. पिकअपची धातूची झाकणे काढू नयेत. ती डागाने (सोल्डरने) जोडलेली असतात आणि आतल्या वेटोळ्याची तार साधारण ०.०६ मिमी जाडीची, म्हणजे धक्का लागताच तुटणारी असते. झाकण जागेवरच पुसावे.

३. ट्यून-ओ-मॅटिक ब्रिज आणि टेलपीस तारा निघताच मोकळे होतात आणि गिटार तिरकी केली की रंगावर आदळतात. म्हणून शेवटच्या दोन तारा काढताना गिटार सपाट ठेवावी.

४. ट्रेमोलो काढताना आधी पक्कडीने स्प्रिंगा सोडवाव्यात आणि मग सहा स्क्रू काढावेत. स्प्रिंगांच्या पट्टीला एक तार डागलेली असते. ती अर्थिंगची तार आहे. पट्टी आणि तार दोन्ही जागेवरच राहू द्यावीत.

५. दाबून बसवलेले नॉब चमच्याने किंवा स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नयेत. नॉबखाली फडक्याची अरुंद पट्टी सरकवून दोन्ही टोके एकत्र धरावीत आणि सरळ वर ओढावे. नॉबच्या बाजूला बारीक स्क्रू असेल तर आधी तो सैल करावा.

६. जॅकची (केबल खोचायच्या भोकाची) चक्की, म्हणजे नट, सोडवताना आतून जॅक बोटांनी घट्ट धरावा. नुसती चक्की फिरवली तर जॅकही फिरतो, आतल्या तारा पिळतात आणि डाग सुटतो.

७. नेक (दांडा) आणि नेकची प्लेट सोडवू नये. प्लेट जागेवर छान पुसता येते, आणि नेक काढण्याने फायदा काहीच होत नाही.

काढलेला प्रत्येक स्क्रू वाटीत टाकण्याऐवजी पुठ्ठ्यावर गिटारची बाह्यरेषा काढून त्या-त्या जागी खोचावा. दिसायला सारखे असणारे स्क्रू लांबीत दोन-तीन मिलिमीटरने वेगळे असतात, आणि लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर लाकूड फाटते. सॅडलही त्याच क्रमाने ठेवावीत, कारण ट्यून-ओ-मॅटिकमध्ये प्रत्येक सॅडलची खाच ठरावीक तारेच्या जाडीनुसार पाडलेली असते.

अडकलेला स्क्रू: लाकडात गंजून बसलेल्या स्क्रूवर तेल फवारू नये. तेल लाकडात शिरते आणि रंगाच्या थराखाली डाग पसरतो. सोल्डरिंग आयर्नचे टोक स्क्रूच्या डोक्यावर वीस-तीस सेकंद टेकवावे, स्क्रू निवू द्यावा, मग नेमक्या मापाचे टोक जोराने दाबून आधी किंचित आवळावे आणि त्यानंतर सोडवावे. हा आवळण्याचा छोटा झटका गंजाची पकड मोडतो.

पुराचे पाणी लागलेल्या गिटारबद्दल येथेच सांगतो, कारण ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर सांगलीत अशी अनेक वाद्ये घराघरांत होती आणि त्यांवर घाईने काम करण्याचा मोह होतो. नदीचा गाळ बारीक वाळूसारखाच घासतो. तो वाळलेला असताना पुसला तर मुलामा ओरबाडला जातो. धातूचे सुटे होणारे भाग लगेच काढून स्वच्छ पाण्यात हलवून गाळ सोडवावा. लाकडातले स्क्रू मात्र लाकूड फुगलेले असताना जोराने काढू नयेत. गिटार सावलीत, हवेशीर जागी हळूहळू वाळू द्यावी आणि मग स्क्रूंना हात लावावा. उन्हात ठेवलेली ओली गिटार सांध्यांत उकलते.

## टप्पा ४: धातू आणि मुलामा ओळखणे

सर्वांत जास्त नुकसान या टप्प्याच्या अभावाने होते. एकाच ब्रिजमध्ये तळाची पट्टी पोलादाची, ठोकळा जस्ताच्या मिश्रधातूचा, सॅडल पितळेची आणि स्क्रू निकेल चढवलेल्या पोलादाचे असू शकतात. त्या सगळ्यांना एका भांड्यात एकाच द्रावात बुडवणे म्हणजे त्यांपैकी निदान एकाचा नाश करणे होय.

पहिली कसोटी चुंबकाची. ती सुट्या भागांवरच करावी. जोराचे चुंबक पिकअपजवळ नेले तर पिकअपच्या स्वतःच्या चुंबकांची शक्ती बदलू शकते. चुंबक घट्ट चिकटले तर भाग पोलादाचा आहे. निकेलच्या थरालाही चुंबकाचे क्षीण आकर्षण असते, त्यामुळे अगदी हलकी ओढ जाणवली तर तो पुरावा मानू नये. चुंबक चिकटले नाही आणि स्क्रूच्या भोकाच्या आतली कड पिवळी दिसली तर पितळ. राखाडी दिसली आणि भाग जड असला तर जस्ताचा मिश्रधातू. हातात अनपेक्षितपणे हलका लागला तर अ‍ॅल्युमिनियम.

दुसरी कसोटी गंजाच्या रंगाची. तांबूस-तपकिरी गंज पोलादाचा असतो. हिरवट-निळसर थर तांबे किंवा पितळ उघडे पडल्याचे सांगतो. पांढरी, भुकटीसारखी वाढ जस्ताची किंवा अ‍ॅल्युमिनियमची असते, आणि ती दिसली की त्या भागाला कोणतेही आम्ल लावायचे नाही, हे तिथेच ठरवून टाकावे. जस्त आम्लात विरघळते. व्हिनेगरमध्ये बुडबुडे येताना दिसतात ते मळाचे नसून भाग स्वतः खाल्ला जात असल्याचे असतात.

मग मुलामा. निळसर झाक असलेली आरशासारखी चमक क्रोमची, तर किंचित पिवळसर, उबदार चमक निकेलची असते. क्रोमचा वरचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असून त्याला सूक्ष्म छिद्रे असतात. त्याखालचा निकेलचा थरच खरे रक्षण करतो. म्हणूनच क्रोमवर दिसणारा ठिपका बहुधा खालून वर आलेला असतो आणि वरून कितीही घासले तरी त्याचे मूळ निघत नाही. सोनेरी मुलामा त्याहून नाजूक असतो. काळ्या भागांवर रंगाचा किंवा काळ्या मुलाम्याचा थर असतो, आणि त्याला पॉलिश लागले की कडा तपकिरी किंवा चंदेरी होतात.

तपासणी: प्रत्येक भागासमोर पुठ्ठ्यावर धातू आणि मुलामा लिहून झाला का? ज्याची ओळख पटली नाही त्याला फक्त साबण-पाणी आणि फडके, याहून अधिक काही लावू नये.

## टप्पा ५: मळ काढणे

कोरड्या ब्रशने धूळ आणि पूड झाडून झाली की कोमट पाण्यात दोन-तीन थेंब द्रव साबण घालून भाग मऊ टूथब्रशने धुवावेत. ज्याला लोक गंज समजतात त्यातला मोठा हिस्सा हा घाम, कातडीचा तेलकटपणा आणि धूळ यांचा काळपट थर असतो. तो येथेच निघून जातो. साबणाने न निघणाऱ्या चिकट मळावर टर्पेंटाइन लावलेली कापूसकाडी फिरवावी. सॅडलच्या स्क्रूंच्या आट्यांत टूथपिकचे टोक फिरवून मळ बाहेर काढावा.

जागेवरच राहिलेल्या भागांसाठी द्रव नेहमी फडक्यावर घ्यावा, भागावर ओतू नये. जुन्या गिटारींवर नायट्रोसेल्युलोजचा रंग असू शकतो आणि अल्कोहोल त्याला मऊ करते. असिटोन तर जवळपास सगळ्याच रंगांना खाते. पिकअपमधल्या उघड्या चुंबकांच्या टोकांना मात्र कोणताही द्रव नको. कोरडी कापूसकाडी आणि चुऱ्यासाठी चिकटपट्टीचे टोक पुरेसे आहे.

येथे थांबून सगळे भाग उजेडात पाहावेत. चार-पाच वर्षे वापरलेल्या, सांभाळलेल्या गिटारचे काम बऱ्याचदा इथेच संपते, आणि माझ्या मते ते तिथेच संपू द्यावे. निकेलवरची किंचित धुरकट झाक हा दोष नाही. ती घालवण्यासाठी मुलामा झिजवणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

## टप्पा ६: गंज, धातूनुसार

क्रोम. अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा लहान तुकडा घडी करून पाण्यात बुडवावा आणि गंजाच्या ठिपक्यावर हलक्या हाताने, फक्त तेवढ्याच जागी फिरवावा. अ‍ॅल्युमिनियम क्रोमपेक्षा पुष्कळ मऊ असल्याने क्रोमवर ओरखडा येत नाही आणि गंज मात्र निघतो. काळसर पाणी तयार होईल. ते पुसून पुन्हा पाहावे. ठिपक्याच्या जागी खड्डा उरला तर तो उरणारच. मुलामा फुगून आलेला असेल तर ती फुगी नखाने सोलू नये.

निकेल. अमोनिया नसलेले, क्रोम-निकेलसाठीचे बारीक पॉलिश मऊ फडक्यावर अगदी थोडे घ्यावे आणि काही हातच मारावेत. फडके काळे होत राहते म्हणून घासत राहणे ही चूक आहे. तो काळेपणा मळाचा नसून निघणाऱ्या निकेलचा असतो. ब्रासो पितळेसाठी आहे, मुलाम्यासाठी नाही.

सोनेरी आणि काळे भाग. साबण-पाणी, मायक्रोफायबर, कोरडे करणे. एवढेच.

उघडे पितळ. मुलामा नसलेल्या पितळी सॅडलना घरात तांब्या-पितळेच्या भांड्यांना लावतो तेच चालते: चिंच, लिंबू-मीठ किंवा पितांबरी. अट एवढीच की सॅडल पूर्ण सुटे हवे, त्याचे पोलादी स्क्रू आधी काढलेले हवेत, आणि नंतर वाहत्या पाण्याखाली चांगले धुवायला हवे. मिठाचा अंश राहिला तर दोन दिवसांत हिरवा थर परत दिसतो. पितळेला चालते म्हणून हाच उपाय मुलामा चढवलेल्या भागांना लावू नये. आपल्याकडे ही गल्लत फार होते.

जस्ताचा मिश्रधातू. पांढरी भुकटी कोरड्या ब्रशने काढावी, साबणाच्या पाण्याने झटपट धुवावे आणि लगेच वाळवावे. खड्डे पडलेला भाग पूर्ववत होत नाही. खुंटीच्या किंवा ट्रेमोलोच्या ठोकळ्याला तडा दिसला तर तो भाग बदलावा.

पोलादी स्क्रू. मुलामा पार गेलेले, लाल गंजलेले स्क्रू पांढऱ्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवून पाहावेत, ब्रशने घासावेत, गरज पडल्यास पुन्हा बुडवावेत. रात्रभर विसरू नयेत. भांड्याचे झाकण बंद करू नये, कारण या क्रियेत हायड्रोजन वायू निघतो. बाहेर काढल्यावर एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा मिसळून त्यात काही मिनिटे ठेवावेत, म्हणजे उरलेले आम्ल मरते. मग स्वच्छ पाणी, ताबडतोब वाळवणे आणि तेल. व्हिनेगरने स्क्रूवरचा जस्ताचा मुलामाही निघून जातो, त्यामुळे असा स्क्रू तेलाशिवाय ठेवला तर काही तासांत पुन्हा तांबूस होतो. नवे स्क्रू मिळत असतील तर तेच घ्यावेत.

स्प्रिंगा. यांना आम्लात बुडवू नये. ताठ पोलादात हायड्रोजन शिरला की ते ठिसूळ होते आणि ताणाखाली तुटते. तेलाचे फडके आणि नायलॉनचा ब्रश पुरे.

सॅडलच्या उंचीचे अडकलेले स्क्रू. उजव्या हाताचा तळवा नेमका येथे टेकतो, म्हणून सगळ्यांत आधी गंजतात ते हेच. आत झिरपणाऱ्या तेलाचा एक थेंब वरून आणि एक खालून द्यावा, सॅडल रात्रभर फडक्यावर ठेवावे, आणि दुसऱ्या दिवशी नेमक्या मापाची की आत पूर्ण बसवून अष्टमांश फेरा पुढे, अष्टमांश मागे असे हलवावे. की वाकू लागली तर थांबून पुन्हा तेल द्यावे. स्क्रू बदलायचे ठरले तर आट्यांचे माप पाहावे: अमेरिकन बनावटीत ४-४० आणि इतरत्र बहुधा एम३ असतात. दोन्ही दिसायला जवळजवळ सारखे, सुरुवातीचा फेरा एकमेकांत जातो, आणि मग सॅडलचे आटे कायमचे खराब होतात.

## टप्पा ७: खुंट्या

बंद पेटीच्या खुंट्यांमध्ये कारखान्यात भरलेले ग्रीस असते. त्या कोणत्याही द्रवात बुडवू नयेत आणि त्यांत तेल सोडू नये. त्या काढण्याची गरज असेलच तर वरची १० मिमीची चक्की पान्याने आणि मागचा बारीक स्क्रू जपून सोडवावा. त्या बारीक स्क्रूचे डोके फार सहज तुटते. बाहेरून पुसून, फिरकीच्या बुडाशी साठलेला मळ टूथपिकने काढावा.

मागे दात दिसणाऱ्या उघड्या खुंट्यांचा जुना काळा थर कोरड्या ब्रशने काढून दातांवर शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब, तोही टूथपिकच्या टोकाने द्यावा. खोबरेल किंवा शेंगतेल वापरू नये: खोबरेल थंडीत गोठते, आणि खाण्याचे तेल काही महिन्यांत चिकट होऊन धूळ धरते.

## टप्पा ८: वाळवणे आणि संरक्षण

पुसलेला भाग वाळलेला नसतो. पाणी बंद भोकांत आणि आट्यांत लपते. फडक्याने टिपून झाल्यावर हेअर ड्रायरची सौम्य गरम हवा प्रत्येक भोकात द्यावी, किंवा उन्हाळ्यात भाग तासभर उन्हात ठेवावेत. ऊन चालते ते धातूच्या सुट्या भागांना, गिटारला नाही.

त्यानंतर हातमोजे घालूनच भाग हाताळावेत. पोलादी भागांवरून तेलाचा एक थेंब घेतलेले फडके फिरवावे आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसावे. बोटाला तेल लागता कामा नये. क्रोमच्या बाहेरच्या पृष्ठभागांवर गाडीचे मेण-पॉलिश अगदी पातळ लावता येते. पारदर्शक लाखेचा किंवा स्प्रेचा थर मात्र देऊ नये. ब्रिजपासून अर्थिंगच्या तारेपर्यंत जिथे धातूला धातू टेकतो तिथे असा थर गेला की विद्युत संपर्क तुटतो आणि अँप्लिफायरमधून गुणगुण सुरू होते.

## टप्पा ९: जोडणी

लाकडातला प्रत्येक स्क्रू बसवताना तो आधी उलटा फिरवावा. जुन्या आट्यांत टोक पडल्याचा बारीक टक् जाणवतो. मग सुलटा फिरवावा. हे न केल्यास स्क्रू लाकडात नवे आटे पाडतो आणि दोन-तीन वेळांनंतर भोक ढिले होते. आट्यांवर मेणबत्तीचे मेण घासावे. साबण घासू नये, तो ओल ओढतो. भोक आधीच ढिले असेल तर लाकडाच्या गोंदात बुडवलेल्या टूथपिकचे तुकडे भरून, रात्रभर वाळवून, मग स्क्रू बसवावा.

आधी जॅक आणि नॉब, मग खुंट्या, मग ब्रिज, मग स्प्रिंगा आणि शेवटी तारा, असा क्रम ठेवावा. सॅडल नोंदीतल्या मापांवर आधीच आणून ठेवावीत. ट्यून-ओ-मॅटिकवर पहिली आणि सहावी तार आधी चढवावी, म्हणजे ब्रिज आणि टेलपीस जागेवर धरले जातात. ट्रेमोलोच्या ठोकळ्याची चीप स्प्रिंगा लावताना पुन्हा बसवावी, सगळ्या तारा सुरात आल्यावरच काढावी, आणि नंतर पुन्हा सूर लावावा.

## टप्पा १०: अखेरच्या तपासण्या

१. मल्टिमीटर सलगता (कंटिन्युइटी) मोजण्यावर ठेवून एक टोक ब्रिजला आणि दुसरे जॅकच्या बाहेरच्या बाहीला लावावे. आवाज यावा किंवा रोध शून्याच्या जवळ दिसावा. तसे नसेल तर ब्रिजपासून अर्थिंगच्या तारेपर्यंतच्या टेकण्याच्या जागा तपासाव्यात. तिथे तेल, गंज किंवा मेण राहिलेले असते. तारा याच मार्गाने अँप्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात, म्हणून मंडपात तीन पिनांचे, खरोखर अर्थिंग असलेले सॉकेटच घ्यावे.

२. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, नुसता स्पर्श करून वाजवलेला स्वर) आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर जुळवून पाहावा. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे, उतरता असेल तर पुढे सरकवावे.

३. प्रत्येक खुंटी, नॉब आणि सॅडलचा स्क्रू हलवून कुठे खरखर किंवा ढिलेपणा आहे का, ते पाहावे.

४. आठ दिवसांनी टॉर्च घेऊन सॅडलच्या मुळाशी आणि स्क्रूंच्या डोक्यांत पुन्हा पाहावे. नारिंगी पूड दिसली तर त्या स्क्रूत आम्ल किंवा पाणी राहिले आहे. तो काढून सोड्याच्या पाण्यापासून पुन्हा सुरुवात करावी. जस्ताच्या भागावर पांढरी भुकटी दिसली तर तो पुन्हा धुण्याऐवजी काढून ड्रायरने पूर्ण वाळवावा. पावसाळा चालू असेल तर गिटार केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. मात्र ओल्या कव्हरमधून आणलेली गिटार तशीच केसमध्ये बंद करू नये.